दांडिया बाजारातलं महायुद्ध

माणसं एकमेकांवर विश्वास ठेवून बसली की नुसत्या गप्पा होतात. चहा होतो, हवापाणी होतं, माणसं घरी जातात. किस्सा घडायला कुणाला तरी कुणाचा तरी संशय यावा लागतो! आमच्या मंडळात सगळ्यांना सगळ्यांचा येतो. त्यामुळे गेल्या चार वर्षांत एवढे किस्से साठलेत की कुठून सुरुवात करू असं होतं.

आधी मंडळ म्हणजे काय ते सांगतो. दर रविवारी सकाळी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या डॉक्टर दिघ्यांच्या दवाखान्यात आम्ही चौघं दुसरं महायुद्ध लढतो. डॉक्टर होमिओपॅथ. रविवारी दवाखाना बंद. पेशंटला तपासायच्या टेबलावर नकाशा पसरायचा आणि त्यावर औषधाच्या बाटल्यांची बुचं मांडायची. पांढरं बूच म्हणजे दोस्तांची फौज, निळं म्हणजे शत्रूची. लढाई कुठली आणि बाजू कुणाची, ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. मग फासे टाकायचे आणि जमलं तर इतिहास बदलून दाखवायचा.

डॉक्टरांखेरीज कर्णिक सर आहेत. कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झाले. पुराव्याशिवाय ते सूर्य उगवला हेसुद्धा मान्य करत नाहीत. तिसरे दत्ताजी मोहिते, घडियाळी पोळमधले, म्हणजे जुन्या बडोद्यातल्या गल्लीतले. कारखान्यात फिटर होते. आणि चौथा मी, पाटणकर. चौतीस वर्षं रेल्वेत टीसी!

माझा स्वभाव संशयी आहे असं आमची ही म्हणते. स्वभाव नाही हो, सवय आहे! सख्ख्या मेहुण्याला मी विनातिकीट पकडून भरूचला उतरवलंय. तो अजून दिवाळीला फोन करत नाही. 'जाऊ दे' म्हणून एकालाही सोडलं नाही, एवढी एकच गोष्ट मी आयुष्यात छाती फुगवून सांगू शकतो.

*

पहिला किस्सा स्टालिनग्राडचा. भर मे महिना. बडोद्याचा मे म्हणजे कुत्रीसुद्धा गटारात बसतात. चिठ्ठी निघाली स्टालिनग्राडची. डॉक्टर रशिया, कर्णिक सर जर्मनी.

डॉक्टर म्हणाले, "जर्मनांना तिथल्या थंडीने मारलं. ती थंडी फाशांत कशी येणार? वातावरण पाहिजे!" आणि त्यांनी एसी पार खाली नेऊन ठेवला.

पहिला अर्धा तास आम्हाला स्वर्ग वाटला. मग सरांचं नाक गळायला लागलं. बोटं आखडली. फासे हातातून निसटायला लागले. इकडे डॉक्टरांची पांढरी बुचं दोन्ही बाजूंनी आली आणि सरांची सगळी निळी फौज मधे कोंडली गेली. सरांनी तपासणीच्या टेबलाखालची चादर ओढून अंगावर घेतली, तरी दात वाजतच होते.

डॉक्टरांनी शांतपणे खण उघडला. पूर्ण बाह्यांचं स्वेटर काढलं, घातलं. मग माकडटोपी काढली, तीही घातली!

सरांनी शरणागती पत्करली. मी मात्र स्वेटरचा वास घेत होतो. डांबराच्या गोळ्यांचा वास. म्हटलं, "डॉक्टर, पेटीतलं स्वेटर मे महिन्यात दवाखान्यात कसं?"

"पाटणकर, शहाणा माणूस हिवाळ्याची तयारी उन्हाळ्यातच करतो."

"पण आज स्टालिनग्राड निघणार हे तुम्हाला कुठे माहीत होतं?"

मी चिठ्ठ्यांचा डबा पालथा केला आणि उरलेल्या सगळ्या चिठ्ठ्या उघडल्या. सगळ्यांवर स्टालिनग्राड! तेव्हापासून चिठ्ठ्या मी लिहितो.

*

दुसरा किस्सा खरं तर सांगायचा नाही असं ठरलं होतं. पण आता डॉक्टरांच्या लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, काही बिघडत नाही.

एका रविवारी मी लवकर पोचलो. सर आणि मोहिते यायचे होते. डॉक्टरांनी डंकर्कवरचं एक जाडजूड जुनं पुस्तक चाळायला दिलं. त्यात खूण म्हणून पुठ्ठ्याचं तिकीट घातलेलं. पूर्वीची ती तिकिटं आठवत असतील तुम्हाला. जाण्यायेण्याचं तिकीट काढलं की जाताना अर्धा तुकडा उतरल्या स्टेशनावर काढून घ्यायचे. परतीचा अर्धा आपल्याजवळ राहायचा, तो परत आल्यावर गेटवर द्यायचा. या तुकड्यावर होतं, 'सुरत ते बडोदा'.

हात शिवशिवले. म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही त्या खेपेला सुरतेहून गाडीने परत आला नाहीत."

"कशावरून?"

"परतीचा तुकडा घरात सापडला म्हणजे माणूस त्या तिकिटावर परत गेलाच नाही. गेला असता तर तुकडा गेटवर जमा झाला असता. शिवाय कडेला टीसीच्या चिमट्याची खाच नाही. हे तिकीट गाडीत बसलेलंच नाही!"

मागे कपबशा वाजल्या. डॉक्टरांच्या घरच्या, सुनंदावहिनी, चहाचा ट्रे घेऊन उभ्या. त्यांनी तुकडा हातात घेतला, तारीख वाचली आणि म्हणाल्या, "म्हणजे लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला तुमची गाडी पाच तास लेट होती, ती ही?"

मग सगळं बाहेर आलं. डॉक्टर मित्राच्या शेतावर पोंक, म्हणजे आपला हुरडा, खात बसले होते आणि त्याच्याच जीपमधून परत आले होते. तरी डॉक्टरांनी हार मानली नाही. म्हणाले, "सुनंदा, डंकर्कलाही हेच झालं. माणसं गेली मोठ्या जहाजाने, आली मिळेल त्या होडीने!"

त्या दिवशी चहात साखर नव्हती. सर आणि मोहिते आल्यावर त्यांनी कारण विचारलं. आम्ही तिघांनीही सांगितलं नाही.

*

एल अलामेनच्या दिवशी मोहित्यांना दोस्तांची बाजू आली आणि माणूस एकदम खुलला. एरवी ते फारसं बोलत नाहीत. त्या दिवशी बुचं मांडता मांडता त्यांच्या गुजरातीमिश्रित मराठीत म्हणाले, "माझे वडील होते ने तिथे."

"कुठे?" सरांनी चष्मा वर केला.

"अलामेनला. लॉरी चालवायचे, पाण्याची. सांगायचे, दाढी केलेलं पाणीसुद्धा फडक्याने गाळून रेडिएटरमधे घालायचो. तिकडून मग कोहिमाला गेले, जपान्यांसमोर."

सर हसले. "मोहिते, एकच माणूस इजिप्तच्या वाळवंटात आणि नागांच्या डोंगरात? मधे अर्धं जग आहे!"

"मधे रजेवर घरी आले होते सर. माझी मोठी बहीण जन्मली होती, तिला बघायला. बघून परत गेले."

मग मी माझ्या पद्धतीने सुरू केलं. पेन्शन? घेतली नाही. वडील म्हणायचे, पैशासाठी लढलो नाही. पदकं? नव्हती. कागदपत्रं? एक पत्र्याची पेटी आहे, पण आई कुणाला उघडू द्यायची नाही. जाताना सांगून गेली, उघडू नकोस. नंतर कुठे गावाला, पंढरपूरला, पुण्याला गेले का? "छे! लढाईवरून आल्यावर वडील कधी स्टेशनकडे फिरकले नाहीत. म्हणायचे, बहु फिरलो, आता बस."

माझ्या डोक्यात घंटा वाजली. स्टेशनला टाळणारे लोक मी चौतीस वर्षं पाहिलेत.

मोहिते म्हणाले, "वडलांचा वर्दीतला फोटो आहे. इथे, नकाशाच्या वरती लावला तर चालेल ने?"

सर म्हणाले, "लावू की. पुरावा आणा, त्याच दिवशी लावू. गंमत म्हणून लढतो, पण भिंतीवर खोटं नको."

मोहित्यांनी फासे खाली ठेवले. म्हणाले, "सर, पोळमधली पोरं माझ्या वडलांना गप्पीदास म्हणायची. तोंडावर! वडील ओट्यावर बसून कोहिमाचं सांगायला लागले की मोठी माणसंसुद्धा एकमेकांना डोळा मारायची. मी त्यांच्यापायी दोन दात पाडून घेतलेत. वडील गेले त्या दिवशीसुद्धा कुणीतरी मागून बोललं, गप्पीदास गया. तो फोटो एकदा भिंतीवर लागला पाहिजे, बाकी मला काही नको."

मोहिते ती लढाई हरले. दोस्त अलामेनला हरलेले जगात फक्त आमच्याकडे!

*

मिडवेच्या आधी मला एक वेगळाच वास आला. मी आठवडाभर डावपेच रचायचो आणि रविवारी समोरच्याला ते आधीच ठाऊक असायचे. फितुरी! अमेरिकनांनाही मिडवेला अशीच शंका सोडवायची होती. जपानी कुठल्या बेटावर येणार ते कळेना, म्हणून त्यांनी मुद्दाम संदेश सोडला की मिडवेवर पाण्याची टंचाई आहे. जपान्यांनी तेच आपसात कळवलं आणि सापडले!

म्हटलं, आपणही तेच करू. माझा संशय मोहित्यांवर. अलामेनपासून ते माझ्याशी तुटक बोलायचे. मी फक्त त्यांना फोन केला. "मोहिते, आमच्या बिल्डिंगला दोन दिवस पाणी नाही हो." बस्स. आता ही बातमी सरांच्या किंवा डॉक्टरांच्या तोंडून आली की चोर पकडला!

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात मोहिते. दोन्ही हातांत पाण्याचे वीस-वीस लिटरचे कॅन. तीन मजले चढून आलेले, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस! धापा टाकत म्हणाले, "संध्याकाळी आणखी दोन आणतो. वहिनींना म्हणावं, काळजी करू नका."

आत आमचा नळ धो धो वाहत होता. मी पळत जाऊन बंद केला.

ते गेल्यावर हिने मला फाडून खाल्लं. वर म्हणाली, "फितुरी कसली? तुम्ही अंघोळ करताना सगळी लढाई मोठमोठ्याने बोलता. आणि बाथरूमची खिडकी उघडते ती कर्णिक सरांच्या गॅलरीसमोर!"

दोन दिवस मी मोहित्यांच्या पाण्याने अंघोळ केली. गप्प राहून.

*

नॉर्मंडीचं थोडक्यात सांगतो. कर्णिक सर जर्मनी. डॉक्टर दोस्त. खरी जर्मन फौज कॅलेला वाट बघत राहिली, कारण नॉर्मंडी म्हणजे हुलकावणी असं त्यांना वाटलं. सर म्हणाले, "ती चूक मी करणार नाही. मी कुठल्याच हुलकावणीला फसणार नाही."

तेवढ्यात दारावर थापा. एक गुजराती गृहस्थ पोट धरून उभे. "डॉक्टरसाहेब, बहु दुखे छे!"

सर ताडकन उठले. "बंद दवाखान्यात पेशंट? आत्ताच? डॉक्टर, तुम्ही त्याला तपासायच्या निमित्ताने टेबलाकडे याल आणि माझी बुचं सरकवाल. हा नकली आहे!"

"काका, मने खरेखर दुखे छे!"

"कॅलेलाही सगळ्यांना खरंच वाटलं होतं!" असं म्हणून सरांनी त्याला बाकावर बसवला आणि स्वतः तपासायला घेतला. जीभ बघितली, पोट दाबलं, सकाळी किती फाफडा खाल्ला ते विचारलं. चांगली दहा मिनिटं उलटतपासणी! शेवटी ओरडले, "डॉक्टर, याला खरंच गॅस झालाय, गोळ्या द्या."

मागे वळून बघतात तो डॉक्टर पॅरिसमधे!

*

आणि आता कोहिमा.

ती चिठ्ठी निघाली तेव्हा कर्णिक सरांनी नेहमीसारखा आठवडाभर अभ्यास केला. शुक्रवारी माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "पाटणकर, मी चुकलो. अशी एक डिव्हिजन खरंच होती. आधी आफ्रिकेत लढली. मग हिंदुस्थानात आली, रांचीजवळ मुक्काम होता. तिथून पुढे ब्रह्मदेशात आराकान, आणि तिचेच काही लोक कोहिमाला. मोहित्यांचे वडील अर्धं जग ओलांडून गेले असणार."

सर चुकलो म्हणाले, हाच खरं तर एक वेगळा किस्सा आहे! ते तिथेच थांबले नाहीत. घडियाळी पोळमधे मोहित्यांच्या घरी गेले आणि हात जोडले. मोहिते खुर्चीवरून उठून त्यांच्या पायाशी वाकायला लागले. दोघंही म्हातारे, कुणी कुणाला उठवायचं तेच कळेना, असं मोहित्यांच्या सुनेने सांगितलं.

सर म्हणाले, "रांचीचं नाव असलेला एखादा कागद मिळाला तर पहा. नुसती औपचारिकता हो. खिळा-हातोडी मी घेऊन येतो."

रविवारी मोहिते आले ते इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. बगलेत फ्रेम. आईची क्षमा मागून त्यांनी पेटीचं कुलूप तोडलं होतं. पेटीत एक फणी, लष्कराचा टमलर आणि बहिणीचं बाळपणीचं झबलं. झबल्यात गुंडाळलेलं पुठ्ठ्याचं एक तिकीट.

"रांची लिहिलंय सर," मोहिते म्हणाले. "सुनेने वाचून दाखवलं. रजेवर आले ते हेच!"

सरांनी चष्मा पुसला, तिकिटाकडे न बघता माझ्यापुढे धरायला सांगितलं. "हा पाटणकरांचा विषय. तपासा, आणि मग लावू फोटो."

मी तिकीट घेतलं आणि खिडकीशी गेलो. सवयीने आधी छापलेलं वाचलं. अर्धाच तुकडा होता. त्यावर होतं, 'बडोदा ते रांची'. लष्करी रजेचं. तारखेचा ठसा पुसट होता, पण वाचता येत होता. नकाशाच्या कडेला सरांनी कोहिमाचे महिने पेन्सिलीने लिहून ठेवले होते. तारीख त्याच्या बरीच आधीची. मी कड चाचपली. मग दुसरी कड चाचपली. दोन्ही गुळगुळीत, चिमट्याची खाच कुठेच नाही.

तिकीट हरवलं होतं, दुसरं काढलं, घरी विसरलो, गडबडीत राहिलं. असल्या सबबी मी चौतीस वर्षं ऐकल्या आणि एकही मानली नाही. डॉक्टर माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. ते सावकाश मागे सरले आणि त्यांनी चष्मा काढला.

फ्रेममधला पोरगा असेल बावीसेक वर्षांचा. वर्दी त्याला मोठी होत होती. त्याच्या मागे मोहिते उभे, पोटाशी फ्रेम धरून.

"रांची आहे ना?" सरांनी विचारलं.

"आहे."

"वडलांचंच ने, साहेब?"

"वडलांचंच."

"मग काय म्हणतंय तिकीट?" सरांनी खिशातून खिळा काढला.

मेहुणा भरूचच्या प्लॅटफॉर्मवर उभा राहून माझ्याकडे बघत होता, तो उगाचच आठवला.

मी म्हणालो, "तिकीट बरोबर आहे."

"बघू," म्हणून सरांनी हात पुढे केला.

"नाही सर. तपासलेलं तिकीट प्रवाशाला परत करायचं असतं." मी तो तुकडा मोहित्यांच्या शर्टाच्या खिशात ठेवला आणि वरून खिसा दाबला.

सर माझ्याकडे बघत राहिले. मोहिते शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होते. तेवढ्यात डॉक्टर पेशंटच्या स्टुलावर चढले, भिंतीवर बोटाने जागा दाखवली आणि म्हणाले, "सर, हातोडी द्या."